केसपेपरवरील रिकामा रकाना

आपणां सर्वांच्या दवाखान्यांतील केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना छापलेला असतो. माझ्या दवाखान्यात तो वर्षानुवर्षे बहुधा रिकामाच राहत आला. क्वचित भरला गेला, तर त्यात ‘नोकरी’, ‘मजुरी’ किंवा ‘शेती’ एवढाच त्रोटक शब्द असे, आणि तोही माझ्या नव्हे, तर बाहेर बसणाऱ्या कंपाउंडरच्या अक्षरातला. या रिकाम्या रकान्यापायी माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती व्यवसायबंधूंसमोर प्रांजळपणे मांडावी आणि तिच्या निमित्ताने बेळगावातील एका मोठ्या, पण दुर्लक्षित वर्गाच्या प्रकृतीकडे लक्ष वेधावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

तिशी ओलांडलेला एक गृहस्थ सुमारे तीन वर्षे माझ्याकडे येत होता. रात्री खोकल्याची उबळ, छातीत घरघर, पहाटे श्वास कोंडणे अशी त्याची तक्रार. छातीचा एक्स-रे स्वच्छ, थुंकीची तपासणी निर्दोष. माझ्याकडे येण्यापूर्वी अन्यत्र केवळ संशयावरून त्याला क्षयाचे औषधही दिले गेले होते. मी दम्याचे निदान केले, पंप दिला, बिडी सोडायला लावली, दही आणि थंड पाणी बंद केले. बिडी सुटली, दमा सुटला नाही. दर पावसाळ्यात तो अधिकच बळावे आणि मी बेळगावच्या दमट हवेला दोष देऊन मोकळा होई.

एकदा त्याच्यासोबत त्याची पत्नी आली होती. ती सहज बोलून गेली, “दसऱ्याला आठ दिवस गावाकडं गेलो की तिथं यांना पंपच लागत नाही बघा.” तेव्हा कुठे मी विचारले, “तू काम काय करतोस रे?” तो हसला. म्हणाला, “डॉक्टर, मागल्या साली तुमच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग मीच केलोय की.”

तो हसला खरा, पण मला ओशाळल्यासारखे झाले. ज्याच्या हातून माझ्या गाडीचा दरवाजा पुन्हा आरशासारखा झाला, त्या माणसाला मी तीन वर्षे औषध देत होतो आणि त्याचा श्वास कशाने कोंडतो हे विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती.

आज मोटारींना जो चकचकीत, टिकाऊ रंग देतात, तो बहुधा दोन डब्यांचा असतो. एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात ‘हार्डनर’. हा हार्डनर आयसोसायनेट वर्गातील रसायनांचा असतो. १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेत जे मिथाइल आयसोसायनेट सुटले, ते याच कुळातील, मात्र कितीतरी अधिक उडून जाणारे आणि तत्काळ प्राणघातक. हार्डनरमधील आयसोसायनेट असे एका रात्रीत मारत नाही; त्याची रीत निराळी आहे. रंगाच्या गनमधून उडणाऱ्या तुषारांबरोबर ते श्वसनमार्गात जाते आणि काही कामगारांच्या शरीरात, काही महिन्यांनी वा वर्षांनी, त्याविषयी अतिसंवेदनशीलता निर्माण करते. एकदा ती निर्माण झाली की अत्यल्प मात्राही दम्याचा झटका आणण्यास पुरेशी ठरते. हा झटका पुष्कळदा काम संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येतो. त्यामुळे रुग्णालाही कामाचा संबंध जाणवत नाही आणि डॉक्टरला तर नाहीच नाही. सुटीत बरे वाटणे आणि कामावर परतताच पुन्हा बिघडणे, हीच त्याची मुख्य खूण. आणि ती एक्स-रेत दिसत नाही, विचारल्यावाचून कळत नाही.

बेळगावच्या पावसाळ्याचे गूढही मग उलगडले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो. ओल्या हवेत रंग नीट बसत नाही, म्हणून गॅरेजवाले चारी बाजूंनी ताडपत्री लावून आत रंगकाम करतात. उन्हाळ्यात जे तुषार रस्त्यावरच्या वाऱ्याने उडून जात, ते पावसाळ्यात त्याच कोंडलेल्या जागेत फिरत राहतात. नाकाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो. वाफ अडवत नाही. मी ज्याला हवामानाचा दमा म्हणत होतो, तो ताडपत्रीआडचा दमा होता.

तेव्हापासून मी गॅरेजांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले, गोव्याच्या घाटवाटांच्या तोंडाशी असलेले आपले शहर. मालमोटारींची वर्दळ, उद्यमबागेतील कारखानदारी आणि घरोघरी वाढलेल्या दुचाक्या यांमुळे लहानमोठी गॅरेजे येथे गल्लोगल्ली आहेत. त्यांतील बहुतेक ठिकाणी एक मिस्त्री, दोन-तीन मेकॅनिक आणि एखादा शिकाऊ पोरगा एवढाच कारभार असतो. यांतल्या प्रत्येकाच्या अंगावर दिवसभरात काय काय जाते, याची थोडक्यात उजळणी येथे केली पाहिजे.

प्रथम पेट्रोल. इंजिनाचे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुणे, संध्याकाळी त्याच पेट्रोलने हात धुणे आणि टाकीतून पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढणे, या तिन्ही गोष्टी आपण रोज पाहतो. नळी ओढताना घोट फुफ्फुसात गेला तर रासायनिक न्यूमोनिया होतो, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. परंतु खरा धोका संथ आहे. पेट्रोलमध्ये बेन्झीन असते. ते अस्थिमज्जेवर आघात करते. त्यातून रक्तपेशी घटतात, अप्लास्टिक अॅनिमिया होतो आणि काहींना रक्ताचा कर्करोगही होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झीनला मानवात निश्चितपणे कर्करोगकारक अशा पहिल्या गटात फार पूर्वीच घातले आहे. २०२५ मध्ये तिने मोटारीच्या पेट्रोललाही त्याच गटात बसवले. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनुसार पेट्रोलमधील बेन्झीनचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित आहे. ही मर्यादा गाडीच्या धुराचा विचार करून घातलेली आहे. त्याच पेट्रोलने वीस वर्षे हात धुणाऱ्याचा विचार त्यात नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेकचा ड्रम उघडला की मेकॅनिक त्यातील काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून टाकतो. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट यांत पूर्वी अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. युरोपीय संघाने २००५ पासून सर्व प्रकारच्या अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. अमेरिकेने २०२४ मध्ये क्रायसोटाइल या प्रकाराच्या वापरावर बंदीचा निर्णय घेतला. आपल्या देशात मात्र क्रायसोटाइलची आयात व वापर चालूच आहे. पुष्कळ उत्पादकांनी अॅस्बेस्टॉसविरहित लायनर आणले हे खरे. पण जुन्या गाडीच्या ड्रममधील भुकटी कोणत्या लायनरची आहे, हे पाहून ओळखता येत नाही. अॅस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात रुतल्यानंतर रोग प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागतात. तोवर मेकॅनिक म्हातारा झालेला असतो, गॅरेज बंद पडलेले असते आणि केसपेपरवर ‘व्यवसाय : काही नाही’ असे लिहिले जाते.

तिसरी गोष्ट शिशाची. भारतात शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोठीच कमाई होय. तरी बॅटरीची दुरुस्ती, जुन्या रेडिएटरचे डाग देणे आणि जुना रंग घासून काढणे या कामांत शिसे अद्याप आहे. पोटात कळा, बद्धकोष्ठ, फिकटपणा, चिडचिड अशा लक्षणांवर आपण जंताचे आणि पित्ताचे औषध देतो. हे शिसे कपड्यांवरून घरीही जाते. ते कपडे धुणारी पत्नी आणि बापाला येऊन बिलगणारे मूल यांना गॅरेजची पायरी न चढताही त्याचा वाटा मिळतो.

याखेरीज थिनरमधील टोल्यूइन व झायलीन यांनी येणारी डोकेदुखी व भोवळ, काळ्या ऑइलने हातांवर येणारा इसब आणि पुटकुळ्या, वेल्डिंगचा धूर, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्याने साचणारा कार्बन मोनॉक्साइड, पत्रा ठोकण्याच्या आवाजाने हळूहळू येणारा बहिरेपणा. डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि वेल्डिंगच्या धुराला २०१७ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकण्यात आले. रंगाऱ्याचा व्यवसाय तर व्यवसाय म्हणूनच त्या गटात आहे.

हे केवळ गरीब देशाचे दुखणे आहे, असेही नाही. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास मोटार मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या व बधिरपणा येऊ लागला. तपासाअंती असे निष्पन्न झाले की, ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यात एन-हेक्झेन हे द्रावक होते आणि त्याने परिघीय नसांना इजा झाली होती. हा दुवा कसा सापडला? एका तरुण मेकॅनिकला पाहणाऱ्यांनी त्याच्या हाताखालच्या डब्याची चौकशी केली म्हणून. आपल्याकडे असा रुग्ण आला तर आपण रक्तातील साखर तपासू, बी-बाराची इंजेक्शने देऊ आणि तो बरा होत नाही म्हणून दुसरीकडे पाठवू. माझ्यावरून सांगतो, इतरांवर आक्षेप नाही.

प्रश्न असा की, आपण का विचारत नाही? वेळ नसतो, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. माझ्या मते कारणे तीन आहेत. पहिले, आपले शिक्षण. व्यावसायिक आजार आम्ही जनआरोग्याच्या पेपरात खाणी आणि गिरण्यांपुरते शिकलो. परीक्षा संपली आणि ते प्रकरण मिटले. दुसरे, बिडी आणि तंबाखू. कष्टकऱ्याच्या फुफ्फुसात काहीही बिघडले की बिडीकडे बोट दाखवणे सोपे असते. रुग्णही मुकाट्याने दोष स्वीकारतो. बिडी वाईटच, पण ती इतर कारणांना झाकण्याचे पांघरूण होऊ नये. तिसरे कारण बोलायला अवघड आहे. विचारले आणि उत्तर मिळाले, तर पुढे काय सांगायचे हे आपल्याला ठाऊक नसते. ‘काम सोड’ म्हणणे ही चिठ्ठी लिहिण्याइतकी सोपी गोष्ट नाही. माझ्या त्या रुग्णाने अखेर रंगाची गन खाली ठेवली आणि सुट्या भागांच्या दुकानात नोकरी धरली. पगार जवळजवळ निम्म्यावर आला. मुलीची शाळा बदलावी लागली. दमा कमी झाला, पण गेला नाही. आयसोसायनेटच्या दम्यात संपर्क जितका लवकर तुटेल तितकी बरे होण्याची शक्यता अधिक, असे शास्त्र सांगते. त्याची तीन वर्षे माझ्या टेबलासमोर गेली, हे मला विसरता येत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्यात शिसे, बेन्झीन, अॅस्बेस्टॉस आणि आयसोसायनेट यांच्या विषबाधा अधिसूचित आजारांच्या यादीत होत्या आणि कारखान्यातील कामगारात असा आजार आढळल्यास तो कळवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. डॉक्टरवरील ती जबाबदारी तीतही कायम आहे. परंतु जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची अट होती, ती नव्या संहितेत वीसवर गेली. तीन-चार माणसांचे गॅरेज पूर्वीही बाहेर होते, आताही बहुधा बाहेरच राहते. कर्मचारी राज्य विम्याचेही तसेच. कामगाराच्या आरोग्याचे रक्षण हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात १९९५ मध्ये स्पष्ट केले. हा हक्क माणसांची संख्या मोजून दिलेला नाही. मात्र निरीक्षक जेथे पोहोचत नाही, तेथे त्या हक्काची आठवण ठेवणारा शिकलेला माणूस जवळपास एकच असतो, आणि तो म्हणजे कोपऱ्यावरचा डॉक्टर.

काहीजण म्हणतील, विजेच्या गाड्या आल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल. तसे मला वाटत नाही. आज रस्त्यावर असलेल्या गाड्या अजून कित्येक वर्षे दुरुस्तीला येतच राहतील. शिवाय विजेच्या गाडीलाही धडक बसते, तिचाही पत्रा ठोकावा लागतो आणि तिलाही तोच दोन डब्यांचा रंग लागतो. दुसरे काहीजण म्हणतील, आपण सांगितले तरी ही मंडळी मास्क लावत नाहीत. हे पुष्कळ अंशी खरे आहे. पण बेळगावच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, आपण तरी दिवसभर तसला मास्क लावू शकू काय? सगळा भार मास्कवर, म्हणजे कामगाराच्याच नाकावर टाकणे हा मला पळपुटेपणा वाटतो. आधी विष कमी करावे, मग हवा खेळती करावी आणि मास्क सर्वांत शेवटी, हा क्रम असावा.

म्हणून आपल्या संघापुढे काही सूचना ठेवतो. एकही फार खर्चाची नाही.

पहिली, प्रत्येक प्रौढ रुग्णाला तीन प्रश्न विचारावेत. नेमके काम काय करता? पूर्वी काय करत होता? आणि सुटीत किंवा गावी गेल्यावर बरे वाटते का? उत्तरे कंपाउंडरने नव्हे, डॉक्टरने स्वतः लिहावीत.

दुसरी, संघाने काही पीक-फ्लो मीटर विकत घेऊन सभासदांना फिरते वापरायला द्यावेत. कामाचे व सुटीचे दिवस धरून दोन ते चार आठवडे, दिवसातून किमान चार वेळा फुंकर मारून आकडे लिहिले, तर कामाशी निगडित दमा कागदावर उघड दिसतो. पेट्रोल व थिनरमध्ये काम करणाऱ्यांची रक्तपेशींची साधी तपासणी वर्षातून एकदा व्हावी. शंका राहिल्यास अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि तिचे बंगळूर येथील प्रादेशिक केंद्र यांचा सल्ला घ्यावा. बंगळूर आपणांस दूर नाही.

तिसरी, गॅरेजमालकांना शत्रू न मानता त्यांच्याशी बोलावे. त्यांतले बहुतेकजण स्वतः त्याच धुरात वाढलेले आहेत. हात पेट्रोलने न धुता थोडे गोडेतेल चोळून मग साबण व लाकडाच्या भुशाने धुणे. ब्रेकची भुकटी हवेने न फुंकता साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसणे. नळी तोंडाने न ओढता हातपंप वापरणे. पावसाळ्यात ताडपत्रीआड गन चालवताना एका बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा लावणे आणि त्या वेळी इतरांनी, विशेषतः शिकाऊ पोरांनी, आत न थांबणे. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलणे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच धंद्यांत निषिद्ध आहे, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे.

चौथी सूचना माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. खंडेनवमीला बेळगावातील प्रत्येक गॅरेजमध्ये पाने, हातोडे, जॅक धुऊनपुसून मांडले जातात, त्यांना हळदकुंकू वाहिले जाते आणि त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही. सर्व माणसे एकत्र असतात, अंगावर स्वच्छ कपडे असतात आणि मालक प्रसन्न असतो. वर्षातील या एका दिवशी आपण दहा-दहा गॅरेजे वाटून घ्यावीत, स्टेथोस्कोप, पीक-फ्लो मीटर आणि रक्ताच्या नळ्या घेऊन जावे आणि हत्यारांची पूजा झाल्यावर ती चालवणाऱ्यांची तपासणी करावी.

इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचे मूळ मोठे साधे आहे. त्याच्या घराचा शौचकूप उपसणारा माणूस घाईघाईने काम उरकताना त्याला दिसला. इतकी घाई का, असे त्याने विचारले तेव्हा, येथे अधिक वेळ थांबले तर डोळे जातात, असे उत्तर मिळाले. हिपॉक्रेटिसने वैद्याला जे प्रश्न विचारायला सांगितले होते, त्यांत रामाझ्झिनीने ‘तुझा व्यवसाय काय?’ या आणखी एका प्रश्नाची भर घातली. त्याला तो प्रश्न सुचला तो स्वतःच्या घरी काम करणाऱ्या माणसाकडे पाहून. मला तो तीन वर्षे सुचला नाही, आणि तो माणूस तर माझीच गाडी रंगवत होता.

तो आता वर्षातून दोन-तीनदाच येतो. मागच्या वेळी त्याने आपल्याबरोबर एका विशीतल्या पोराला आणले होते. पूर्वी त्याच्या हाताखाली शिकलेला, आता गन चालवणारा. “याला पण रात्री खोकला लागतोय बघा,” तो म्हणाला. मी केसपेपर ओढला आणि नाव लिहिण्याआधी व्यवसायाचा रकाना भरला.